अंधारही जपून वापरा

मुंबईच्या राणीच्या बागेत हिवाळ्यात प्रकाशवाट, म्हणजे रात्री दिव्यांच्या देखाव्यांमधून फिरायची वाट, करावी ही तुमच्या लेखातली कल्पना आवडली, पण झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळायला माझा विरोध आहे. तिथे वटवाघळं राहतात आणि त्यांचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. दिवे गुडघ्याएवढ्या उंचीवर, जमिनीकडे तोंड केलेले आणि २७०० ते ३००० केल्विनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर हवेत. निळसर पांढऱ्या उजेडावर किडेही जास्त येतात.

मी १५ वर्षं गणपतीची सजावट करतोय. नवशिके सगळंच उजळतात. मग डोळे दिपतात आणि काहीच उठून दिसत नाही. दोन देखाव्यांमध्ये पन्नासेक पावलं अंधुक ठेवा, फक्त पायरी नि वळण दिसेल इतपत. वाट एकेरीच हवी. आणि फोटोची जागा वळणावर नको! आम्ही एकदा हौसेने नेमका तिथेच मोर उभा केला. अर्धा तास रांग तुंबली, कार्यकर्त्यांनी माझा उद्धार केला तो वेगळाच.

वायरिंगचा लेखात उल्लेखच नाही. हाताला लागेल तिथे २४ व्होल्ट, आयपी ६७ दर्जाचे (धूळ-पाणी आत न शिरणारे) दिवे, मुख्य लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. मुंबईची खारी हवा वायरचे जोड खाते, तिथे नुसती चिकटपट्टी टिकत नाही.