आधी पन्हळ, मग रंग

जुनी आळी सुधारायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो रंगाचा. गटार तुंबलेलं असो, भिंतींना लोणा लागलेला असो, कोपऱ्यावरचा दिवा महिनोन्‌महिने मिचमिचत असो, शेजारी जमले की कुणीतरी खाकरतं आणि म्हणतं, "सगळ्या घरांना एकच रंग दिला तर आळी काय उठून दिसेल!" पुढचा दीड तास पिवळसर पांढरा आणि पांढरट पिवळा या दोन पक्षांत युद्ध. मला या युद्धाबद्दल आदर आहे, कारण दोन्ही बाजू मनापासून लढतात. फक्त ज्या भिंतीसाठी लढाई चाललेली असते तिच्यात त्याच वेळी पाणी मुरत असतं, आणि पाण्याला दोन्ही छटा सारख्याच आवडतात.

ओल ही जुन्या वस्तीतली सर्वांत मनमिळाऊ शेजारीण. मालक आणि भाडेकरू असा भेद ती करत नाही. सामाईक भिंतीवरून दोन घरं बोलत नसली तरी तिचं जाणं-येणं दोन्हीकडे असतं. एकाच्या छपराच्या पन्हळीतून निघते, दुसऱ्याच्या माजघरात उतरते आणि तिसऱ्याच्या कपाटामागे संसार थाटते. वस्तीचं रक्षण म्हणजे मुख्यतः हिला बाहेरची वाट दाखवणं. म्हणून कामाचा क्रम ठरलेला: आधी पाणी, मग भिंत, मग रंग. हा क्रम उलटा केलात तर पहिल्या मोठ्या पावसानंतर रंगाचे पोपडे हातात येतात, आणि तेव्हाही वाद होतो तो पोपड्याची छटा नेमकी कोणती होती यावरच.

गाव करी ते राव न करी, असं आपण म्हणतो. मॅक्स रिंगलमन नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने हे दोरी देऊन मोजून पाहिलं. 1913 साली छापलेले त्याचे आकडे राव मंडळींना सुखावणारे आहेत. एकटा माणूस दोरी ओढताना लावतो तो जोर शंभर धरला, तर आठ जण मिळून ओढू लागल्यावर दरडोई जोर पन्नासच्याही खाली आला. काही जोर ताळमेळ न जमल्याने वाया जातो, आणि काही 'सात जण ओढताहेत की' या समाधानात विरघळतो. आळीच्या इतिवृत्तात 'सर्वांनी लक्ष ठेवावे' असं वाक्य दिसलं, की आठवा माणूस दोरीला नुसता हात लावून उभा आहे असं समजावं. उपाय रुक्ष आहे. एका कामावर तिघंचौघं, त्यातही जबाबदार नाव एकच, आणि नावापुढे तारीख. 'गटाराची जाळी साफ ठेवणे' असं लिहू नये. 'कोपऱ्यावरची जाळी, दर शनिवारी सकाळी' असं लिहून पुढे नाव घालावं. नाव लिहिताना ज्याचा चेहरा पडतो तोच माणूस काम करतो, असं माझं मत आहे. हसून 'लिहा की!' म्हणणाऱ्यांपासून सावध.

कामं शोधायला फेरी मारावी लागते, तीही तीनदा: दिवसा, रात्री आणि भर पावसात. पहिल्या दोन फेऱ्यांना गर्दी होते, तिसरीच्या नुसत्या उल्लेखाने सगळ्यांना सर्दी होते. दिवसाच्या फेरीला दोघंच पुरे, एकाने पाहायचं आणि एकाने लिहायचं. तिसरा आला की तो आठवणी सांगतो. भिंतीचा तडा वाढतोय की नाही यावर चर्चा करू नये. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख टाकावी. महिन्या-दोन महिन्यांनी तडा रेघ ओलांडून गेलेला दिसला तर तो चालू आहे. तसं असेल तर त्यात मसाला कोंबून उपयोग नाही, आधी जाणकार बोलवायचा. फोटो त्याच जागेवरून, त्याच वेळी आणि चौकटीत मोजपट्टी धरून काढावा, नाहीतर आधीचा आणि नंतरचा फोटो दोन वेगळ्या गावांचे वाटतात.

रात्रीच्या फेरीत खांबांचे क्रमांक टिपायचे. 'आमच्या आळीत अंधाराचे साम्राज्य आहे' ही तक्रार नव्हे, हे साहित्य. 'अमुक क्रमांकाच्या खांबावरचा दिवा अमुक तारखेपासून बंद' असं लिहिलं की कारकुनाला पळवाट राहत नाही. नवा दिवा मागताना तोंड खाली असलेला आणि 3000 केल्व्हिनच्या आतला, म्हणजे पिवळसर उजेडाचा मागावा. डोळ्यांत घुसणाऱ्या पांढऱ्या झोतामागची सावली उलट जास्त काळी दिसते.

आता पन्हळ. पन्हळीकडे कुणी पाहत नाही कारण तिच्यासाठी मान वर करावी लागते. तिला दर 10 मीटर लांबीमागे साधारण 3 ते 5 सेंटिमीटर उतार हवा. मधला एक आधार सैल झाला की तिथे पोट येतं, पोटात पानं साठतात, पानांची माती होते आणि मातीत रोप उगवतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं, काय हौशी घर आहे! तपासणी सोपी आहे: वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि पाहा. पाणी खाली नेणाऱ्या उभ्या नळाकडे गेलं तर ठीक, मध्येच रेंगाळलं तर आधार उचला. शिडी धरायला खाली एक माणूस हवाच, आणि त्याने त्या वेळी फक्त शिडीच धरावी, राजकारण बोलू नये. उभ्या नळाचं खालचं टोक भिंतीच्या बुडाशी पाणी ओतत असेल तर वरची सगळी मेहनत पायात गेली. तिथे कोपर बसवून पाणी बाहेर न्यायचं, आणि भिंतीपासून निदान 2 मीटरपर्यंत जमिनीला बाहेरच्या बाजूला 10 सेंटिमीटरचा उतार द्यायचा. भिंतीत उगवलेलं रोप मात्र हिसका देऊन उपटू नये. मुळांबरोबर दरजेतला, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यातला, चुना येतो, कधी वीटही येते. बुंध्याशी कापून मूळ मारायचं आणि ते वाळलं की मग जागा भरायची.

इथे रस्त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की आळीत आनंदीआनंद होतो. थर साधारण 4-5 सेंटिमीटरचा. असे चार थर झाले की रस्ता 16 ते 20 सेंटिमीटर वर येतो आणि घराचं जोतं काहीही न करता तेवढंच खाली जातं. एके काळी पायरी चढून आत जायचो, आता उतरून जातो, हा आपल्या वयाचा परिणाम नसतो. पाणी मात्र विनासायास उंबऱ्यावर येतं. म्हणून रस्ता होऊ द्या, पण आधी जुना थर खरवडून काढा, अशी लेखी मागणी काम सुरू व्हायच्या आधी द्यावी. रोलर आल्यावर दिलेलं निवेदन म्हणजे वरातीमागून घोडं.

भिंतीच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू आहे उत्साही माणूस आणि त्याच्या हातातलं सिमेंटचं घमेलं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने 1824 साली घेतलं, आणि ते घरोघर पोहोचायला पुढे बरीच वर्षं गेली. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कितीतरी भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याची दरज मऊ असते. भिंतीत शिरलेलं पाणी तिच्यातून वाफ होऊन बाहेर पडतं आणि जाताना क्षार तिच्यातच सोडतं. दर काही दशकांनी दरज झिजते, ती खरवडून नवी भरायची. विटेआधी झिजणं हेच तिचं काम. तिथे सिमेंट भरलं की दरज पोलादासारखी होते, पाण्याचा तो रस्ता बंद होतो, आणि पाणी विटेतून निघू लागतं. क्षारांचे स्फटिक मग विटेत फुगतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. काही वर्षांनी दरजांची जाळी शाबूत आणि मधल्या विटा खोल गेलेल्या, असं मधाच्या पोळ्यासारखं दृश्य दिसतं. उत्साही माणूस ते दाखवून अभिमानाने सांगतो, "बघा, माझं सिमेंट अजून हललेलं नाही!"

योग्य पद्धत हातात खुमखुमी असणाऱ्यांना सोसत नाही, इतकी सावकाश आहे. दरज छिन्नी-हातोडीने खरवडायची. कटर मशीन विटांच्या कडा खाऊन टाकतं. खोली दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट, म्हणजे 10 मिलिमीटरच्या दरजेला 20 ते 25 मिलिमीटर. धूळ झाडायची, पाणी मारायचं, पण डबकं होऊ द्यायचं नाही. मग एक घमेलं विरवून मुरवलेला चुना आणि तीन घमेली धुतलेली, खरखरीत वाळू. कळीचा चुना घरी विरवण्याचं धाडस नवशिक्याने करू नये. पाणी पडताच तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा घालवतो. मुरलेला आणावा आणि तोही हातमोजे घालून हाताळावा. मसाला अरुंद थापीने थराथराने दाबायचा आणि विटेच्या किंचित आत थांबवायचा, विटेवर फासायचा नाही. नंतर आठवडाभर ओली पोती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कडक होतो, आणि हवा ही कुणाच्या घाईने येत नाही. दुसऱ्या दिवशी नखाने टोकरून "अजून मऊच आहे" म्हणणाऱ्यांसाठी वेगळी भिंत राखून ठेवावी.

भिंतीवर कुणी रेघोट्या मारल्याच तर त्या लगेच पुसाव्यात. एक दिसली की दुसरी मारणाऱ्याला आमंत्रण मिळतं. मात्र वाळूचा फवारा किंवा जोरदार पाण्याची तोफ जुन्या विटेवर चालवू नये. भट्टीत भाजलेली वरची कातडी एकदा गेली की आतली वीट पाणी पिऊ लागते. भिंत दोन दिवस चकचकीत दिसते, एवढाच काय तो लाभ.

एवढं झालं की रंग काढायला हरकत नाही. म्हणजे खरोखर 'काढायला', कारण जुन्या घरांवरच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासून त्याची धूळ उडवली तर ती सर्वांत आधी लहान मुलांच्या पोटात जाते. आधी तपासणी करावी. शिसं निघालंच तर मुलांना दूर ठेवून पृष्ठभाग ओला करून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं आणि कचरा बांधून वेगळा द्यायचा. चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग नको, नाहीतर ओल आत कोंडली जाते. चुन्याची सफेदी किंवा वाफ जाऊ देणारा रंग द्यावा. छटेचा नमुना चिटोऱ्यावर न पाहता भिंतीवर एक चौरस मीटर लावून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहावा. यात तिन्ही वेळेला तीन वेगळे पक्ष जिंकतात आणि शांतता नांदते.

गतिरोधक ही सर्वांची एकमुखी मागणी असते, फक्त तो शेजारच्या घरासमोर हवा असतो. नीट केलेला उंचवटा 10 सेंटिमीटर उंच आणि वाहनाच्या दिशेने सुमारे 3.7 मीटर लांब असतो. ताशी 25 किलोमीटरने जाणाऱ्याला तो जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. हौसेने रातोरात घातलेली विटेएवढी अरुंद वरवंटी मात्र गाडीचं पोट आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाची पाठ, दोन्ही फोडते. वर कडेला पाण्याची वाट ठेवायची राहते, त्यामुळे मागे तळं साचतं. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उबदार हवेत साधारण 7 ते 10 दिवस पुरतात, म्हणून साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा उपसलंच पाहिजे. वेग कमी करायला निघालेली आळी अशी खाजवण्याचा वेग वाढवून परत येते.

झाडं लावायला लोक फोटोपुरते येतात. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गड्ड्याहून खोल नाही. खोडाचा बुडाशी रुंद होणारा भाग जमिनीवर दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचा थर 5 ते 8 सेंटिमीटर आणि खोडापासून थोडा दूर; खोडाला चिकटवून ढीग रचला की साल कुजते. पहिली दोन वर्षं पाणी घालायला मात्र इतिवृत्तात एक नाव लागतं, आणि तिथे पुन्हा रिंगलमनची दोरी आठवते. जुन्या झाडाभोवती सिमेंटचं कडं बांधून त्याला शोभा आणणाऱ्यांनी स्वतःच्या गळ्याभोवती आधी बांधून पाहावं.

दारं-खिडक्या, कठड्यांची नक्षी, छपरांची उंची यांची घरवार नोंद एकदा फोटोंसकट करून ठेवावी. कुणी काही पाडलं तर 'पूर्वी फार छान होतं' हा पुरावा कुठेच चालत नाही, तारखेचा फोटो चालतो.

आणि सभा. तासाभराची, विषय आधी कळवलेले, पन्हळ पहिली आणि रंग शेवटी. क्रम चुकला की सात हात लाकूड आणि नऊ हात ढलपी.

उरली ती पावसातली फेरी. पाऊस सुरू झाल्यावर वीसेक मिनिटं थांबायचं, म्हणजे छपरं धुऊन निघतात आणि पाणी खऱ्या वाटा पकडतं. मग छत्री, टॉर्च आणि प्लास्टिकच्या पिशवीतली वही घेऊन निघायचं. कुठली पन्हळ कडेवरून उसळते, कुठल्या नळाच्या सांध्यातून भिंतीवर धार येते, कुठे रस्त्याचं पाणी उंबऱ्याला टेकतं, ते घरागणिक लिहायचं. वर्षभराचं कामाचं पान या एका तासात भरतं. पान भरत आलेलं असतं, तेवढ्यात शेजारच्या छत्रीखालून आवाज येतो, "भिजल्यावर भिंतीला काय सुरेख छटा येते नाही? हाच रंग द्यायचा का सगळ्यांना?"