पाय बसवला म्हणजे चालता येतं असं नाही

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रावरचा, म्हणजे कृत्रिम हातपाय बसवून देणाऱ्या लष्करी केंद्रावरचा तुमचा लेख वाचला. १९४४ पासूनच्या त्याच्या कामाचं त्यात केलेलं कौतुक रास्तच आहे. पण पाय मिळाल्यानंतरच्या महिन्यांवर दोनच ओळी आल्यात, म्हणून लिहितोय.

माझे वडील ७१च्या लढाईतले. पाय मात्र गेला साखरेपायी, ७२व्या वर्षी, गुडघ्याखाली. आम्ही मायेपोटी त्या गुडघ्याखाली उशी ठेवायचो, तिथेच चुकलं. गुडघा वाकलेलाच आखडला, सरळ करण्यात दीड महिना गेला. दवाखान्यात हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा राग अजून जात नाही. मग कृत्रिम पाय बसवला, दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहणं, त्या पायावर थोडं थोडं वजन टाकणं, वॉकर, शेवटी काठी.

कापल्यावर उरलेला पायाचा भाग दुपारपर्यंत जरा बारीक होतो, कृत्रिम पाय सैल पडतो. तेव्हा वडील ओट्यावर बसून आत एक मोजा वाढवतात. रात्री खाली आरसा धरून कातडी लाल झालीय का बघतात, कारण साखरेच्या माणसाला फोड आलेला बऱ्याचदा कळतही नाही. आणि दुसरा पाय तितकाच जपा, कृपा करून.

परवा ते एकटे मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले.