वरातीमागून घोडे

परीक्षागृहात माझ्यासमोर पाच वाक्ये उभी होती आणि त्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर दुसऱ्याची ओळख असल्याचे दिसत नव्हते. सूचना मात्र अगदी सभ्य होती : खालील वाक्ये योग्य क्रमाने लावून अर्थपूर्ण परिच्छेद तयार करा. म्हणजे कोणा सज्जनाने आधी एक चांगला, नांदता परिच्छेद लिहिला होता, दुसऱ्या कोणी तरी तो मोडला होता, आणि या मोडतोडीत ज्याचा काडीचाही हात नव्हता अशा माझ्यावर तो सांधून देण्याची जबाबदारी आली होती. इंग्रजी वाचनाच्या परीक्षांत हा वाक्यक्रमाचा प्रश्न असतो. तयारी करणारी मंडळी त्याला ‘पॅराजंबल’ अशा लाडक्या नावाने हाक मारतात. लाड कशाचे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

चाळिशी ओलांडल्यावर परीक्षा देण्याची वेळ येते तेव्हा माणसाची स्वतःच्या आकलनावर अवाजवी श्रद्धा असते. सरावाच्या पहिल्या काही दिवसांत माझी पद्धत एकच होती. पाचही वाक्ये वाचायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि मनाला जो क्रम गोड वाटेल तो लिहून मोकळे व्हायचे. ही पद्धत अत्यंत वेगवान आहे आणि तिच्यात एवढीच उणीव आहे की उत्तर चुकते. चार वाक्ये २४ प्रकारे मांडता येतात, पाच वाक्ये १२० प्रकारे आणि सहा वाक्ये ७२० प्रकारे. मात्र माझ्या अनुभवाप्रमाणे त्या १२० पैकी निदान तीस-चाळीस तरी क्रम अत्यंत गोड वाटतात. मनाचा स्वभावच असा आहे की त्याला कोणतीही वाक्ये कोणत्याही क्रमाने द्या, मधल्या फटी ते स्वतःच्या खर्चाने बुजवून घेते आणि वर आपल्यालाच विचारते की यात चुकले काय.

माझी भाची गणिताची विद्यार्थिनी असून अशाच एका परीक्षेची तयारी करीत होती. तिने माझे उत्तर पाहून विचारले, “मामा, हा क्रम कशावरून?”

“वाचायला बरा वाटतो म्हणून,” मी म्हणालो.

“बरा वाटणं हा पुरावा नाही,” ती म्हणाली आणि तिने मला नियमांची एक वही दिली. त्या वहीने पुढचे दोन महिने माझी झोप घालवली.

वहीतील पहिला नियम होता : आधी पहिले वाक्य शोधा. जगातील यच्चयावत शिकवणी-वर्गांत हाच नियम प्रथम सांगितला जातो आणि तो दिसायला अगदी सरळ आहे. पहिल्या वाक्यात ‘तो’, ‘ती’, ‘ते’ अशी सर्वनामे नसावीत, ‘परंतु’ किंवा ‘म्हणून’ असे जोडशब्द नसावेत, व्यक्तीचे नाव पूर्ण असावे आणि विषयाची ओळख व्हावी. मी हा नियम इतका मनावर घेतला की सर्वनाम दिसताच ते वाक्य दाराबाहेर काढू लागलो. अशातच एके दिवशी ‘तो १८३६ मध्ये सागरप्रवासाहून परतला तेव्हा चार्ल्स डार्विन...’ अशा घाटाचे एक वाक्य समोर आले. आरंभीच ‘तो’ पाहून मी त्याची रवानगी चौथ्या क्रमांकावर केली. इंग्रजीत सर्वनाम आधी आणि त्याचा धनी मागाहून, त्याच वाक्यात, असाही रिवाज आहे, हे मला उत्तरसूचीने सांगितले. शिवाय हे परिच्छेद पुष्कळदा एखाद्या लांबलचक लेखाच्या पोटातून कापून आणलेले असतात, त्यामुळे त्यांचे ‘पहिले’ वाक्य मुळात विसावे किंवा तिसावे असू शकते. अशा वाक्याकडून आरंभाच्या सर्व खुणांची अपेक्षा धरणे म्हणजे गाडीत मधल्या स्थानकावर चढलेल्या प्रवाशाला गाडी कोठून सुटली ते विचारण्यासारखे आहे.

दुसरा नियम ‘अ’ आणि ‘द’ या दोन उपपदांचा होता. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे इंग्रजी वाचताना मी त्यांना आयुष्यभर सदऱ्यावरच्या सुटलेल्या दोऱ्यांप्रमाणे झटकत आलो होतो. भाचीने मला आपल्याच कहाण्यांची आठवण करून दिली. आटपाट नगर होते, तेथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. आता एखाद्याने ‘त्या राजाला दोन राण्या होत्या’ येथूनच सुरुवात केली तर ऐकणारे मूल पहिल्याच वाक्याला विचारील, कोणत्या राजाला? आपल्याकडे ‘एक’ आणि ‘त्या’ जे काम करतात, त्यातले बरेचसे इंग्रजीत ‘अ’ आणि ‘द’ करतात : प्रथम भेटीला ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’. हे समजल्यावर मला इतका हर्ष झाला की प्रत्येक ‘द’ची आधीची ओळख मी शोधू लागलो. एका उताऱ्यात ‘द सन’ होता. सूर्याची ओळख करून देणारे वाक्य मी तब्बल दोन मिनिटे शोधत होतो. जी वस्तू जगात एकुलती एक आहे, तिला ओळखपत्राशिवाय ‘द’ मिळतो, ही पुरवणी भाचीच्या वहीत पुढच्या पानावर होती आणि मी त्या पानापर्यंत पोहोचलो नव्हतो.

या प्रश्नाची खरी नाडी मला सापडली ती मात्र पुढील उताऱ्यात. मूळ इंग्रजी उतारा येथे मराठीत उतरवतो; वाचकांनी वाटल्यास स्वतः प्रयत्न करून पाहावा.

अ. त्या तिन्हींपैकी ग्रीक लिपी विद्वानांना वाचता येत होती.
ब. १७९९ मध्ये इजिप्तमधील रोझेटा गावाजवळ फ्रेंच सैनिकांना एक कोरीव शिळा सापडली.
क. त्यामुळे उरलेल्या दोहोंचा उलगडा होण्याची आशा निर्माण झाली.
ड. तिच्यावर एकच फर्मान तीन लिप्यांत कोरलेले होते.
इ. तरीही फ्रेंच विद्वान शाँपोलियाँ यांना चित्रलिपीचे कोडे फोडायला १८२२ साल उजाडावे लागले.

वहीत कालक्रमाचाही एक नियम होता. त्यामुळे १७९९ नंतर लगेच १८२२ यावे, असा माझा हिशेब झाला, आणि ‘शिळा सापडली, तरीही कोडे फोडायला २३ वर्षे लागली’ हे कानालाही छान लागत होते. मी ब, इ, ड, अ, क असा क्रम लावला आणि तृप्त मनाने भाचीपुढे ठेवला. तिने एकेक सांधा बोटाने दाबून पाहिला. ‘इ’नंतर ‘ड’ आल्यामुळे ‘तिच्यावर’ हे सर्वनाम जवळच्या चित्रलिपीला जाऊन चिकटले होते, म्हणजे माझ्या परिच्छेदात फर्मान शिळेवर नव्हे, तर लिपीवर कोरले गेले होते. एवढ्यावर भागले नव्हते. १८२२ मध्ये कोडे सुटले होते आणि त्यानंतर, शेवटच्या वाक्यात, ते सुटण्याची आशा निर्माण होत होती. वरातीमागून घोडे कसे येते, ते मी प्रथमच इतक्या जवळून पाहिले. खरा क्रम ब, ड, अ, क, इ असा होता. ‘तिच्यावर’ला शिळा हवी होती, ‘त्या तिन्हीं’ना ‘तीन लिप्या’ हव्या होत्या, ‘उरलेल्या दोहों’ना आधी एक वजा व्हायला हवी होती आणि ‘तरीही’ला मोडण्यासाठी आधी कोणाची तरी आशा हवी होती. मराठीत निदान शिळेचे स्त्रीलिंग थोडी तरी वाट दाखवते. इंग्रजीत शिळा, फर्मान आणि लिपी या सर्वांची बोळवण एकाच ‘इट’वर होते, आणि तो ‘इट’ कोणाच्याही मागे निमूटपणे जातो.

त्या दिवसापासून माझे असे मत झाले की पहिल्या वाक्याच्या शोधाला फाजील मान दिला जातो आणि जोड्यांना पुरेसा दिला जात नाही. भाचीने त्याला गणिताची पावती दिली. पाच वाक्यांपैकी पहिले निश्चित कळले, तर १२० क्रमांचे २४ उरतात. पण कोणतीही दोन वाक्ये अमुक क्रमाने एकमेकांना चिकटलेलीच आहेत एवढे कळले, तरी उरतात ते २४च. अशा दोन वेगवेगळ्या जोड्या सापडल्या की फक्त सहा क्रम शिल्लक राहतात, आणि सहा क्रम तपासणे माझ्यासारख्यालाही जमते. पहिले वाक्य एकच असते, ते लपूनही बसते. जोड्या चार असतात आणि त्यांतील एखादी तरी उघड्यावर सापडते.

मग मी जोड्या हुडकण्याच्या नादाला लागलो. जेथे पूर्ण नाव आहे ते वाक्य आधी आणि जेथे नुसते आडनाव आहे ते नंतर. संस्थेचे लांबलचक नाव आधी आणि तिची आद्याक्षरे नंतर. ‘फॉर इन्स्टन्स’च्या आधी सर्वसाधारण विधान असते, ‘मोअरओव्हर’ त्याच बाजूचा दुसरा साक्षीदार आणतो, आणि ‘हाउएव्हर’ हा तर समारंभात उशिरा येऊन ‘पण माझे एक म्हणणे आहे’ असे सुरू करणारा नातेवाईक असतो. त्याच्या आधी कोणी तरी काही तरी ठामपणे म्हटलेले असणे आवश्यकच असते. सर्वांत गुणी खूण ‘धिस’ आणि त्याच्यापुढे येणाऱ्या नामाची. ‘हा शोध’, ‘हे अपयश’, ‘हा समज’ असे एखादे वाक्य म्हणू लागले की आधीच्या वाक्यात तो शब्द नसला तरी ती गोष्ट घडलेली असते. ‘दस’ (म्हणजे ‘अशा प्रकारे’) पाहून मात्र हुरळून जाऊ नये. ‘अशा प्रकारे’ म्हटले की परिच्छेद संपला, असे मी समजत असे. इंग्रजी लेखक मध्येच ‘अशा प्रकारे’ म्हणतात आणि खुशाल पुढे लिहीत राहतात. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी १९७६ मध्ये इंग्रजीतील हे सांधे संदर्भ, प्रतियोजन, अध्याहार, संयोजन आणि शब्दसंबंध अशा पाच प्रकारांत मांडले होते. मी ही माहिती भाचीला मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा तिने घड्याळाकडे पाहून सांगितले की या माहितीत माझी अडीच मिनिटे गेली आहेत.

परीक्षांचे स्वभावही सारखे नसतात. दक्षिण कोरियाच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत आरंभीचा मजकूर दिलेला असतो आणि पुढील तीन तुकडे तेवढे लावायचे असतात. तीन तुकड्यांचे क्रम सहाच. त्यांपैकी पाच पर्यायांत देतात आणि छापले आहेत त्याच क्रमाचा पर्याय ठेवत नाहीत, म्हणजे आळशी माणसाची तेवढी सोयही बंद. ‘कॅट’ या व्यवस्थापन-प्रवेश परीक्षेत अलीकडे पर्यायच नसतात, क्रम अंकांत टंकावा लागतो, मात्र त्या प्रश्नाला चुकीबद्दल गुण कापत नाहीत, तेव्हा तो कोरा सोडण्यात काहीच शहाणपण नाही. ‘पीटीई’ या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचे धोरण मला सर्वांत माणुसकीचे वाटते, कारण तेथे योग्य क्रमाने शेजारी आलेल्या प्रत्येक जोडीला एक गुण मिळतो. पहिले वाक्य चुकून शेवटी नेऊन ठेवले आणि बाकीची चार ओळीने बरोबर राहिली, तर एकही वाक्य आपल्या मूळ जागेवर नसताना चारपैकी तीन गुण पदरात पडतात. हाच क्रम ‘सगळे बरोबर, नाही तर शून्य’ असा कारभार असलेल्या परीक्षेत द्यावा, तर हाती भोपळा येतो.

माझी परीक्षा दुसऱ्या जातीची होती. सरावात असाच भोपळा मिळाल्यावर मी एकदा तक्रारीच्या सुरात म्हणालो होतो, “अगं, पाचपैकी फक्त एकच वाक्य चुकीच्या जागी गेलं, आणि सगळे गुण गेले!”

“मामा, एकच वाक्य चुकीच्या जागी जाऊच शकत नाही,” ती म्हणाली. “ते ज्या जागेवर जाऊन बसलं, तिथलं वाक्य कुठे गेलं?”

मी बराच वेळ गप्प होतो. सांत्वनाची एवढी जुनी पद्धत गणिताने इतक्या थंडपणे काढून घ्यावी, याचे मला वाईट वाटले.

तर परीक्षागृहातील त्या पाच वाक्यांकडे वळतो. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. प्रत्येक वाक्याला ‘तुझ्याआधी कोण?’ एवढेच विचारत गेलो. एका वाक्यातील ‘धिस मिस्टेक’ने आपली चूक दाखवून दिली, एका ‘हाउएव्हर’ने आपला प्रतिपक्ष ओळखला, आणि दोन जोड्या व एक सडे वाक्य असा संसार उभा राहिला. सहा क्रम मांडले, त्यांतील पाच कोठे ना कोठे सांध्यात निखळले, सहावा टिकला. मी तो लिहिला. हे सारे दोन मिनिटांत झाले आणि मला स्वतःचा आदर वाटू लागला.

येथे वेळ संपायला हवी होती. ती संपली नाही. शेवटी अर्धे मिनिट उरले. त्या अर्ध्या मिनिटात मी तयार परिच्छेद मनातल्या मनात वाचून पाहिला आणि शेवटची दोन वाक्ये मला जरा कोरडी वाटली. त्यांची अदलाबदल केली असता परिच्छेदाला एक घरंदाज गोडवा येत होता. मी अदलाबदल केली.

उत्तरसूची जाहीर झाली त्या संध्याकाळी भाचीने फार न ताणता विचारले, “त्या प्रश्नात किती वाक्यं चुकली?”

“दोन,” मी म्हणालो. “एक चुकणं शक्य नसतं ना.”