राख उचलून होईपर्यंत

आमचा कट्टा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या टस्टिन आणि अर्व्हाइन या शहरांच्या शिवेवरच्या एका इंडियन ग्रोसरीबाहेरचा गुडघाभर उंचीचा कठडा. रविवारी सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या पिशव्या पायाशी ठेवायच्या, आतून कागदी कपातला चहा आणायचा आणि बसायचं. ७ जानेवारी २०२४ च्या रविवारी तिथे जो वाद झाला, तो लिहून ठेवावासा वाटला. त्या दिवशी टस्टिनमधल्या नौदलाच्या जुन्या लाकडी हँगरला लागलेल्या आगीला बरोबर दोन महिने झाले होते आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं की त्यापायी शहराने लावलेली आणीबाणी आता पुरे.

सुरुवात मुलुंडच्या काकांनी केली. ते लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेत.

"तुमची नगरपालिका आणीबाणी वाढवणार म्हणे? आम्ही एकवीस महिने काढलेत आणीबाणीत. तेव्हाही हेच सांगायचे, परिस्थिती निवळली की उठवू."

"काका, ती आणीबाणी वेगळी," ठाणेकर म्हणाला.

"शब्द तोच आहे ना? सरकारच्या हातात जास्तीचा अधिकार एकदा गेला की तो परत कधी येणार, हे विचारायचं नाही का आम्ही?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता हा. मला तर तो सगळ्या सकाळीतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न वाटला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. टस्टिनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, नौदलाने दोन अजस्र हँगर बांधले. पाणबुड्यांच्या शोधात किनाऱ्यावर गस्त घालणारी हेलियमची हवाई जहाजं, ब्लिंप, त्यात ठेवायची. पोलाद युद्धाला लागत होतं, म्हणून सगळा सांगाडा लाकडाचा. हजार फुटांहून लांब, तीनशे फुटांच्या आसपास रुंद आणि सतरा मजली उंच. जगातल्या सर्वात मोठ्या लाकडी इमारतींत त्यांची गणना व्हायची. पुढे तळ मरीन कोअरकडे गेला, हेलिकॉप्टरं आली, १९९९ मध्ये तळच बंद झाला आणि चहूबाजूंनी आमच्यासारख्यांची घरं उठली. फ्रीवेवरून घरी येताना ही दोन हँगर दिसली की मुलं मागच्या सीटवरून ओरडायची, "आलं आपलं घर!"

७ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री एकच्या सुमारास उत्तरेकडचं हँगर पेटलं. एवढ्या जुन्या, वाळलेल्या लाकडात शिरणं म्हणजे अग्निशमनवाल्यांचा जीव धोक्यात घालणं, म्हणून शेवटी ते जळून कोसळू द्यायचं ठरलं. आग पूर्ण विझल्याचं जाहीर झालं १ डिसेंबरला. मधल्या साडेतीन आठवड्यांत ढिगारा विझायचा, वारा सुटला की परत धगधगायचा. आणि हवेतून जे उडून आमच्या अंगणात पडलं त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे जुन्या बांधकामात वापरलं जाणारं घातक तंतूंचं खनिज, सापडलं. शाळा बंद, बागा बंद. ९ नोव्हेंबरला शहराने स्थानिक आपत्कालीन स्थिती जाहीर केली. डिसेंबरमध्ये गव्हर्नरांनी राज्य पातळीवरही केली.

९ नोव्हेंबर म्हणजे वसुबारस. हे मी कधीच विसरणार नाही. दोन दिवस आधी मंगळवारी सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर तुळशीच्या कुंडीत एक काळपट तुकडा पडलेला. बोटाच्या पेराएवढा, एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने राखाडी, पापुद्रे सुटलेले, जळक्या भाकरीच्या पोपड्यासारखे. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांवर बारीक राख. मी सवयीने झाडू उचलला आणि तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गॅलरीतून ओरडून सांगितलं, "झाडू नकोस गं! हात लावू नकोस!" दिवाळीच्या तोंडावर घर झाडायचं नाही, उंबऱ्यापुढे रांगोळी काढायची नाही, खिडकी उघडायची नाही. चकल्यांचा धूर घरात कोंडलेला आणि लेक विचारत होती, "आई, कंदील बाहेर का नाही लावायचा?"

तर असो. कट्ट्यावर परत येते.

कोल्हापूरकराचं म्हणणं सरळ होतं. त्याला घर विकायचंय, नोकरी दुसऱ्या राज्यात लागलीय. "आग विझून महिना झाला. रस्ते साफ झाले, बागा उघडल्या, पोरं शाळेत गेली. तरी कागदावर 'इमर्जन्सी' चालूच. घर बघायला आलेला माणूस पहिलं तेच विचारतोय. शहर स्वतःच ओरडून सांगतंय की आम्ही संकटात आहोत, मग गिऱ्हाईक कशाला येतंय?"

"आणीबाणी उठवली म्हणून तुझ्या छपरावरची राख उठणार आहे का?" वहिनींनी विचारलं. वहिनी बांधकामातल्या घातक मालाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतात. मोजकंच बोलतात. "आणि विकताना तुला माहीत आहे ते खरेदीदाराला लिहून द्यावंच लागतं. आणीबाणी असो वा नसो. उलट साफसफाईचा कागद हातात असला तर तुझंच बरं."

"वहिनी, आमच्या गावात निम्म्या गोठ्यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यातही हेच असतंय ना? माझा आजा त्याच्याखाली झोपून नव्वदी गाठला."

"असतंच. पण पत्रा शाबूत आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये धरून ठेवलेला असतो. पत्रा फुटला, कापला, जळून तडकला की तो सुटतो. डोळ्याला दिसत नाही, वास नाही, खोकला येत नाही. फुप्फुसात रुतला की शरीराला तो विरघळवता येत नाही. आजार उमटायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. तुझ्या आजोबांना नाही झालं, चांगलं झालं. पण पत्रे कापणाऱ्या कामगारांना झालेलं जगभर नोंदलेलं आहे. आणि गावचे ते पत्रे बदलताना कोणी करवतीने कापू नये, एवढं तू फोन करून सांगच."

कोल्हापूरकर गप्प झाला. वहिनींनी कप खाली ठेवला आणि पुढे जे सांगितलं ते मला नवीन होतं. अंगणात पडलेले मोठे तुकडे उचलले गेले, ते दिसत होते म्हणून. कौलांच्या सांध्यांत, पन्हळीत, एसीच्या बाहेरच्या जाळीत जे अडकलंय ते बसलेलं आहे. हिवाळ्यातला पाऊस ते खाली आणतो, ओलं असेपर्यंत ते निपचित. मग चार दिवस सांता आनाचं कोरडं वारं सुटलं की तेच पुन्हा हवेत. "म्हणून आग विझल्याची तारीख माझ्या कामाची नाही. शेवटची पन्हळ साफ झाल्याची तारीख सांगा."

आता ठाणेकर. अकाउंटंट आहे, कागद वाचल्याशिवाय तोंड उघडत नाही. काकांकडे वळून म्हणाला, "काका, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्थानिक आणीबाणी आपोआप चालू राहत नाही. अधिकाऱ्याने जाहीर केली तर सात दिवसांत कौन्सिलने मंजुरी द्यायची, नाहीतर ती संपली. त्यानंतर निदान दर साठ दिवसांनी कौन्सिलने बसून बघायचं की गरज उरलीय का. आणि परिस्थिती परवानगी देईल तितक्या लवकर ती संपवायची, हेही कायद्यातच लिहिलंय. पूर्वी हा आढावा तीस दिवसांचा होता, नंतर साठ केला."

"साठ केला, म्हणजे ढिला केला," काका लगेच.

"हो. ढिला केला."

"आणि संचारबंदी लावता येते का त्यात?"

ठाणेकर क्षणभर थांबला. "येते. लेखी आदेश काढून, लोकांना कळवून. इथे तशी वेळ आली नाही, पण अधिकार आहे."

"मग मी चुकीचं काय बोललो?"

चुकीचं नव्हतेच बोलत ते. आपल्याकडे त्या पिढीने वर्तमानपत्रांतले कोरे रकाने पाहिलेत, शेजारचा माणूस रात्रीत उचललेला पाहिलाय. आमच्या पिढीने तो शब्द पाठ्यपुस्तकात वाचला आणि सोडून दिला. पण मला काकांना हेही सांगायचं होतं, आणि मी सांगितलं, की तेव्हा माणसं गप्प करायला आणीबाणी होती. इथे ती एका घातक कचऱ्याचा खर्च कोणी उचलायचा, या भांडणासाठी लागतेय. हँगर शहराचं नव्हतं, नौदलाचं होतं. आग लागल्यावर नौदलाने आधी दहा लाख डॉलर दिले, खर्च त्याच्या कितीतरी पट. बाकीचा पैसा आधी कोणी घालायचा? शहराने. मग तो परत मागायचा राज्याकडे, नौदलाकडे. राज्याच्या आपत्ती मदतीतून पात्र खर्चाचा पाऊण हिस्सा मिळू शकतो, पण त्यासाठी घटनेपासून दहा दिवसांत आणीबाणी जाहीर झालेली लागते. शहराने वसुबारसेला ती केली म्हणून तो दरवाजा उघडा राहिला.

"ती तेव्हा करायची होती, केली," कोल्हापूरकर परत उठला. "आता चालू ठेवून काय मिळतंय? टेंडर न काढता कंत्राटं द्यायची सोय, एवढंच ना?"

हा खरा घाव होता. कारण टेंडरशिवाय कंत्राट म्हटलं की आपण सगळेच सावध होतो, आणि व्हायलाच हवं.

ठाणेकराने मान हलवली. "तुझा मुद्दा बरोबर आहे, पण त्याला वेगळं कुलूप आहे. टेंडरशिवाय तातडीचं काम चालू ठेवायला कौन्सिलच्या चार-पंचमांश मतांची अट आहे, आणि नेहमीच्या प्रत्येक बैठकीत ते पुन्हा मांडायचं. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये चार. दोघांनी हात वर केला नाही तर काम थांबतं."

"आणि थांबलं तर?" वहिनी म्हणाल्या. "नव्याने टेंडर काढा, महिने घालवा. तोवर पन्हळीतलं पन्हळीत."

मग मी माझीच गोष्ट सांगितली. विमा कंपनीने (नाव घेत नाही) आधी सांगितलं, घर जळलेलं नाही तर दावा कशाचा? मग सांगितलं, तपासणी स्वतः करून घ्या, नंतर बघू. एका सफाईवाल्याने फोनवर एक दर सांगितला आणि दारात आल्यावर दुसराच. ठाणेकराने तेव्हाच मला सांगितलं होतं की आणीबाणीत साफसफाईसारख्या कामांचे दर आधीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवणं इथे गुन्हा आहे. मी तेवढं एक वाक्य त्या माणसाला दारात उभ्या उभ्या ऐकवलं. दर जुन्या आकड्यावर आला. कागदावरचा शब्द माझ्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला मी स्वतः पाहिला, म्हणून मी मुदतवाढीच्या बाजूने आहे. ज्यांच्याकडे ठाणेकर नाही, इंग्रजीत भांडायची हिंमत नाही, अशी कितीतरी घरं या वस्तीत आहेत.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग देवनारचं काढलं त्यांनी. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं होतं तेव्हा मुलुंडपर्यंत वास यायचा, असं म्हणाले. उपग्रहाच्या छायाचित्रात धूर दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या. "चार दिवस पेपरात पहिल्या पानावर. मग आतल्या पानावर. मग काहीच नाही. धूर खाल्लेल्या गोवंडीच्या पोरांचं पुढे काय झालं, कोणी दर साठ दिवसांनी बसून विचारलं? मला तरी आठवत नाही."

कठड्यावर कोणीच बोललं नाही. आतून दुकानदाराने गरम समोशांचा ट्रे बाहेर आणला, कोणी घेतला नाही.

"म्हणजे काका, तुम्ही वाढवा म्हणताय?" ठाणेकराने हळूच विचारलं.

"मी म्हणतोय, नुसती वाढवू नका. दर वेळी कागद लावा. किती घरं तपासायची राहिली, कुठल्या गल्ल्या राहिल्या, किती पैसे गेले, कोणाकडून किती येणं आहे. मागच्या वेळचा आकडा आणि या वेळचा आकडा शेजारी शेजारी. आकडा कमी होत नसेल तर का नाही, ते तिथेच सांगा. हे देणार असतील तर वाढवा. देणार नसतील तर माझा विरोध."

कोल्हापूरकर म्हणाला, "तसा कागद असला तर मी पण तो गिऱ्हाइकाला दाखवीन की. माझ्या गल्लीपुढे 'झालं' लिहिलेलं असलं म्हणजे बास."

माझं मत विचाराल तर अगदी हेच. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की लोकांचं लक्ष उडतं, आणि आमच्या छपरांवर जे आहे ते चाळीस वर्षांच्या हिशेबाचं आहे. तोवर या विषयावर कोणीतरी ठरलेल्या दिवशी, उघड्या सभागृहात, नाव घेऊन मत द्यायला बांधलेलं असलं पाहिजे. आणीबाणी उठली की ती सक्ती जाते. काकांना अधिकार अनिर्बंध नको आहे आणि मला जबाबदारी सुटलेली नको आहे. दोघांचं औषध त्या यादीत आहे.

"मग हे बोलायचं कोणी? बैठकीत तीन मिनिटं मिळतात," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"मी? मी पाहुणा माणूस. ना मत, ना घर. मला कशाला बोलू देतील?"

"कोणीही बोलू शकतो काका," ठाणेकर म्हणाला. "सभेत बसायला नाव सांगायचीही सक्ती नाही."

"इंग्रजी माझं कचेरीतलं आहे."

"तुम्ही मराठीत सांगा, मी शेजारी उभी राहून इंग्रजी करते," मी म्हटलं.

काकांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. पिशवीतलं किराण्याचं बिल उलटं करून मांडीवर पसरलं, चष्मा नाकावर घेतला. वाऱ्याने कागद फडफडला तसं कोल्हापूरकराने दोन बोटांनी कोपरा धरला. काकांनी वर आकडा घातला, एक, त्याला गोल केला, आणि लिहिलं: 'मी आणीबाणी पाहिलेला माणूस आहे. आज मी ती वाढवा म्हणायला उभा आहे, पण माझी एक अट आहे.'

मग मान वर करून वहिनींना विचारलं, "पन्हळीला इंग्रजीत काय म्हणतात हो?"