‘दीड वर्षात एक ताराही शिकवला नाही’ : तासगावच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की खगोलभौतिकीत जायचं असेल तर आपल्याकडच्या मुलांनी सांगली-साताऱ्यातल्या चांगल्या कॉलेजात सरळ बीएस्सी फिजिक्स करावं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की तुमची मुलगी एसवायला आहे आणि दीड वर्षात वर्गात एका ताऱ्याचं नाव निघालेलं नाही. व्हर्नियर, लोलक, सोडियमचा दिवा आणि जर्नल, एवढंच. ‘स्वप्नं तुम्ही दाखवायची आणि बेकारी आम्ही सांभाळायची. त्यापेक्षा बीसीए केलं असतं तर बरं,’ हे तुमचं शेवटचं वाक्य.

सोडियमच्या दिव्यापासूनच सुरुवात करते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दलच.

18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याच्या सावलीचा पट्टा आपल्या बाजूने, विजापूर-जमखंडीवरून गेला. जमखंडी म्हणजे सांगली-मिरजेसारखंच पटवर्धनांचं संस्थान. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, लावून बसले होते. ज्यांनी युरेनस शोधला त्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. त्याच दिवशी गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. सूर्याच्या कडेला उसळलेल्या ज्वाळांच्या प्रकाशात दोघांनाही ठळक, सुट्या रेषा दिसल्या. त्यावरून त्या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे हे कळलं. त्यांतली एक पिवळी-नारिंगी रेषा सोडियमचीच वाटावी अशी होती. पण ती सोडियमची नव्हती. सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीला येतात आणि ही होती 587.6 ला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच ती रेषा पाहिली. पुढे ती पृथ्वीवर न सापडलेल्या एका मूलद्रव्याची मानली गेली. ते मूलद्रव्य म्हणजे हेलियम. रॅमसे यांना पृथ्वीवर ते मिळालं 1895 मध्ये, तब्बल 27 वर्षांनी.

आता तुमच्या लेकीच्या टेबलाकडे या. आपल्या बहुतेक लॅबमधली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच, इंचाला 15,000 रेघांची असते. तिच्यातून सोडियमचा पिवळा रंग पहिल्या ऑर्डरला, म्हणजे पहिल्यांदा, साधारण वीस अंशांवर दिसतो. तिथे त्या दोन रेषा जेमतेम सव्वा मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतरावर असतात, म्हणून बहुतेकांना एकच दिसते. दुर्बीण आणखी फिरवून दुसऱ्या ऑर्डरला, म्हणजे 44 अंशांच्या आसपास नेली, की त्यांच्यात तीन मिनिटांहून जास्त अंतर पडतं. फट बारीक केली, फोकस नीट केला तर त्या वेगळ्या दिसतात. हेलियमची रेषा असती तर ती तिथून आठेक मिनिटांवर आली असती. आपल्या स्पेक्ट्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, एक मिनिट असतो, कधी अर्धा. म्हणजे ज्या फरकावरून सूर्यातला हेलियम ओळखला गेला, तो फरक मोजू शकणारं यंत्र तासगावची मुलगी दर आठवड्याला हाताळते आहे. तिला हे कुणी सांगितलं नसेल. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढीही कुणी देत नाही याचा मला मनापासून राग येतो. पण तो राग शिकवण्यावर आहे, विषयावर नाही. तिला एवढंच सांगा, की शेजारणीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवू नकोस. चुकलं तरी चालेल, पण आपलं स्वतःचं घे.

तारे पुढेही येणार आहेत, फक्त पाटी वेगळी असेल. मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये उष्मागतिकीचाच (थर्मोडायनॅमिक्सचाच) आधार घेऊन एक समीकरण मांडलं आणि दाखवलं, की ताऱ्याच्या वर्णपटात कुठली रेषा ठळक दिसणार हे मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतं. तेच समीकरण वापरून 1925 मध्ये सेसिलिया पेन या तरुणीने प्रबंधात मांडलं, की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तेव्हा मोठ्या लोकांनाही ते पटलं नव्हतं. टीवायला फर्मी-डिरॅक सांख्यिकी येईल, म्हणजे दाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन कसे वागतात त्याचं गणित. मुलं ती परीक्षेपुरती पाठ करतात. चंद्रशेखर 1930 मध्ये मद्रासहून बीएस्सी ऑनर्स होऊन बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आणि प्रवासात ते हेच गणित करत होते. श्वेत बटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याच्या, वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, सूर्याच्या सुमारे 1.4 पट, हे त्यातूनच निघालं. त्यांची पदवीही फिजिक्सचीच होती.

तुमची द्राक्षबाग आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एवढं म्हणते : एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कुणी घड मोजायला जात नाही. काडी तयार होते आहे का, तेवढंच बघतात.

तरीही कॉलेज जे देत नाही ते देत नाहीच. आजचं खगोलभौतिकीचं काम बरंचसं संगणकावर चालतं. तिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला हवी, ती आजच. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीचा आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा बराच जुना डेटा खुला आहे. घरी बसून उघडता येतो, पैसे लागत नाहीत. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत, त्यांच्या उन्हाळी कार्यक्रमांच्या जाहिराती तिने स्वतः शोधून वाचाव्यात. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका लोकांसाठी खुली असते. तुम्हीही तिच्याबरोबर जा, अशी माझी विनंती आहे. संशोधन करणारी माणसं समोर बसून बोलतात तेव्हा बापाच्या मनातले प्रश्न बापाने स्वतः विचारावेत.

आता पोटाचा प्रश्न. इथे मी काही गोड करून सांगणार नाही. बीएस्सीची तीन वर्षं, एमएस्सीची दोन, पीएचडीची पाच-सहा, आणि त्यानंतरही कायमच्या जागा थोड्या, मागणारे पुष्कळ. हे तिला आज माहीत असलंच पाहिजे. पण ही सगळी वर्षं तुमच्या खिशातून जातात असं नाही. पीएचडीला ज्युनियर फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, पुढे सीनियरला 42,000, घरभाडं वेगळं. आणि एमएस्सीनंतर वाट बदलावीशी वाटली तर गणित आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्या मुलीला शिकवण्यापासून डेटाच्या कामापर्यंत दारं उघडी असतात. बीसीए वाईट नाही. पण जिला ते करायचंच नाही तिला दीड वर्षानंतर उचलून तिकडे बसवणं मला पटत नाही.

‘पंचविशीपर्यंत शिकतच राहणार का,’ असंही तुम्ही विचारलंत. हो, दादा, राहील. मुलगा असता तर हा प्रश्न तुम्ही विचारला असतात का, याचा विचार करा. माझ्या वर्गातल्या हुशार मुली मी याच प्रश्नावर गमावते, अभ्यासावर नाही.

तूर्त एकच करा. टीवायला गेली की जॅमचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरू द्या. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास निघतो, आणि शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. तोपर्यंत मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स पक्कं करून घ्यायला तिच्याकडे वेळ आहे. गणितं अडली तर तिने इथेच खाली लिहावं, स्वतःच्या नावाने. तुमच्याशी मी पुढेही वाद घालीन, पण त्या गणितांचं उत्तर मी तिलाच देईन.