कोलेस्टेरॉल वाढलं की हाडं मजबूत होतात? नाही हो, असं काही नसतं

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की पाळी गेल्यावर कोलेस्टेरॉल वाढतं ते शरीर मुद्दाम वाढवतं, कारण त्यापासून व्हिटॅमिन डी बनतं आणि त्यावर हाडं टिकतात, म्हणून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी बंद करा नाहीतर हाडं ठिसूळ होतील. असं वाचून कोणी खरंच गोळी सोडली तर हार्टचा धोका वाढतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, "शरीर मुद्दाम वाढवतं". अजिबात नाही. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन असतं तोवर लिव्हरवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तातून उचलून घेणारे रिसेप्टर जास्त असतात, आणि हेच इस्ट्रोजेन हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना आवरून धरतं. ते कमी झालं की दोन्हीकडचा लगाम सुटतो. अमेरिकेतल्या स्वान नावाच्या मोठ्या अभ्यासात हजारो बायकांना वर्षानुवर्षं फॉलो केलं, त्यात शेवटच्या पाळीच्या आसपासच एलडीएल झपकन वर गेलं आणि हाडांची झीजही त्याच सुमारास जोरात झाली. वाढलेलं कोलेस्टेरॉल हाडं वाचवत असतं तर नेमकी तेव्हाच ती इतकी का झिजली असती?

दुसरा, व्हिटॅमिन डी. हे अर्धं खरं आहे म्हणून लगेच पटतं. डी बनतं ते ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलपासून, म्हणजे कोलेस्टेरॉल तयार व्हायच्या एक पायरी आधीच्या पदार्थापासून, आणि तो त्वचेतच असतो, त्यावर ऊन पडलं की काम सुरू. रक्तात फिरणारं एलडीएल तिथे कच्चा माल म्हणून जात नाही. त्यामुळे एलडीएल १९० असलं म्हणून डी वाढत नाही, डी कमी असेल तर ते वेगळं तपासायचं आणि वेगळं भरून काढायचं.

तिसरा, "स्टॅटिनने हाडं ठिसूळ होतात". इथे जरा थांबूया. १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात उलटंच दिसलं होतं, स्टॅटिनने नवीन हाड बनायला मदत झाली, तेव्हा खूप आशा वाटली होती. पण माणसांवर ते टिकलं नाही. ज्युपिटर ट्रायलमध्ये १७ हजारांहून जास्त लोक होते, त्यात ६० आणि त्यापुढच्या बायकाही होत्या, एका गटाला रोसुवास्टॅटिन हे स्टॅटिन आणि दुसऱ्याला नुसती बिनऔषधाची गोळी, आणि फ्रॅक्चर दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणजे गोळीने हाडांचं भलं नाही झालं, पण वाटोळंही नाही झालं. मेसेज फॉरवर्ड करणारे २०१९ चा ऑस्ट्रियातला अभ्यास पुढे करतात, त्यात स्टॅटिनचा जास्त डोस घेणाऱ्यांत ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, जास्त दिसला हे खरं, पण त्याच अभ्यासात अगदी कमी डोसवाल्यांत तो कमी दिसला, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय ती नोंदींवरून काढलेली आकडेवारी होती, कारण सिद्ध करणारी ट्रायल नव्हती.

आणि रालॉक्सिफीन बघा, हाडांसाठीच देतात, मणक्याची फ्रॅक्चर कमी करतं आणि सोबत एलडीएलही उतरवतं. मेसेज खरा असता तर हे औषध चाललंच नसतं.

हाडांची खरंच काळजी वाटत असेल तर डेक्सा स्कॅन करा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, साधारण ६५ नंतर, आणि आधी फ्रॅक्चर झालंय, आईचा खुबा मोडला होता, पाळी फार लवकर गेली किंवा बराच काळ स्टेरॉइड चालू होतं तर त्याच्याही आधी. त्यातला टी-स्कोर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, -२.५ किंवा त्याखाली आला तर हाडांची औषधं आहेत, ती स्टॅटिनसोबत घेता येतात. स्टॅटिनच्या गोळीने अंग फार दुखत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं, फक्त परस्पर बंद करू नका.