न वाचलेल्या बखरीवर मत कसं द्यावं

पुस्तक निवडताना एकच काळजी घ्या. ते दुसऱ्या कुणी वाचलेलं नसावं. गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीवर मत देण्यात फार जोखीम असते. ती शेजारच्या काकूंनी वाचलेली असते, त्यांच्या सुनेनं भाजी निवडता निवडता ऐकलेली असते, आणि तुम्ही एखाद्या सरदाराला चुकीच्या लढाईत मारलंत की दोघी मिळून त्याला जिवंत करतात. बखर, शकावली, पत्रांचे खंड, एखाद्या पंथाचा जुना ग्रंथ, त्यावर कुणी आयुष्य घालून लिहिलेला प्रबंध, इथे मात्र रान मोकळं. असल्या पुस्तकाचं नाव घेतलं तरी लोक मान खाली घालतात. त्यांनाही ते वाचायचं राहून गेलेलं असतं ना.

सुरुवातीला सोपं काहीतरी घ्या. जेधे शकावली घ्या. कारीच्या जेधे देशमुखांकडची ही शकावली टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, असं आज आपण मानतो, त्यामागचा एक मोठा आधार म्हणजे या शकावलीतली नोंद. नोंद म्हणजे किती, तर जेमतेम ओळभर. अख्खी शकावलीच अशी आहे: शक, महिना, तिथी, काय घडलं, चला पुढे. तेव्हा तुमचा अभिप्राय असा हवा: ‘माहिती चांगली, पण कथानक पकड घेत नाही. पात्रं खुलत नाहीत. अफजलखानाचा प्रसंग अजून रंगवता आला असता.’ पाचापैकी दोन तारे. जयंती तारखेनं की तिथीनं यावर वर्षातून दोनदा हमरीतुमरीवर येणाऱ्या मंडळींकडून तुम्हाला काही त्रास होणार नाही. ती मंडळी मिरवणुकीच्या तयारीत असतात, शकावलीकडे फिरकत नाहीत.

हात बसला की वि. का. राजवाड्यांकडे वळा. इतिहासाचार्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला घेतली आणि खंड झाले २२. बाविसाच्या बावीस वाचलेला माणूस तुमच्या व्हॉट्सॲप गटात असण्याचा संभव नाही, आणि असलाच तर तो गटावर बोलत नाही. म्हणून कुठल्याही वादात ‘हे राजवाड्यांच्या खंडांत स्पष्ट आलंय’ एवढंच म्हणावं. कुठल्या खंडात, कितवं पत्र, हे सांगण्याची चूक करू नये. खंडांत काय आहे, तर पत्रं आहेत. कुणाचे हत्ती अडलेत, कुणाचा पगार तुंबलाय, कुणी कुणाकडे किती रुपये मागितलेत. मायना सगळ्यांचा सारखा. यातून इतिहास काढायचा तर पत्र पत्राशी ताडून बघावं लागतं, मितीवरून भांडावं लागतं, आणि एवढं करून शेवटी ‘कदाचित’ म्हणावं लागतं. तुम्हाला एवढा वेळ नाही. तुम्ही राजवाड्यांच्या लांबलचक प्रस्तावनेतलं एखादं तडाखेबंद वाक्य उचला. त्यांची वाक्यं तडाखेबंदच असत, आणि पुढच्या संशोधकांनी त्यांतली काही निकालात काढली असली तरी ती बातमी अजून गटापर्यंत पोचलेली नाही.

आता धर्म. इथे पुस्तक जितकं जाड तितकं मत द्यायला सोयीचं. भारतरत्न पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत इंग्रजीतून निघाला. पानं साडेसहा हजारांच्या वर. हा ग्रंथ महाराष्ट्रात सर्वांत जास्त उद्धृत होतो आणि कपाटातून सर्वांत कमी खाली उतरतो. ‘काण्यांनी लिहून ठेवलंय’ हे तीन शब्द बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही चालतात. श्राद्धाला कांदा चालतो का? काणे. सुनेला नोकरी? काणे. अडचण एकच. काणे असं काही सांगून टाकतच नाहीत. ते एका स्मृतिकाराचं म्हणणं देतात, मग त्याच्या नेमकं उलट दुसऱ्याचं, मग टीकाकारानं त्या दोघांचा मेळ कसा घातला ते, मग अमुक प्रांतात प्रत्यक्षात काय चालत असे ते. शास्त्र म्हणजे केवढं जुनं भांडण आहे हे त्यातून दिसतं. यावर उपाय सोपा आहे. आपल्या बाजूचा स्मृतिकार सापडला की तिथेच थांबावं. पान उलटू नये. पुढच्या पानावर दुसरा उभा असतो.

दुसरी रीत भावनांची. रा. चिं. ढेऱ्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली आला. पंढरीचा विठोबा मुळात धनगर-गवळ्यांचा, गाईगुरांमागं फिरणाऱ्या माणसांचा देव, आणि त्याचं वैष्णव रूप पुढचं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाकडे जातात, तिरुपतीच्या व्यंकटेशाकडे जातात, स्थलपुराणं आणि शिलालेख तपासतात, ओव्या आणि लोककथा गोळा करतात. एवढा प्रवास तुम्ही कशाला करायचा? भावना दुखावून घ्यायला अनुक्रमणिका पुरते. अनुक्रमणिकाही मिळाली नाही तर दुखावलेल्या दुसऱ्या माणसाकडून दुखावून घ्यावं. आणि तुम्ही समोरच्या तंबूतले असाल तर याच पुस्तकाचा झेंडा करा: ‘बघा, ढेऱ्यांनी सिद्ध केलं, देव पळवला!’ ढेरे पळवापळवीचं बोलत नाहीत, समन्वयाचं बोलतात, ते तर शीर्षकातच लिहिलंय. पण शीर्षक वाचायला लागलात की पुस्तक वाचण्याचं व्यसन फार दूर नसतं. जपा.

न वाचता मत देणं हा आजच्या पिढीचा बिघाड आहे असं काही जण म्हणतात. ते खोटं आहे. ही परंपरा फार जुनी आहे आणि तिचा यथोचित अभिमान बाळगावा. सराळ्याच्या म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळा गोळा केल्या. पद्धत काय, तर ज्यानं पाहिलं त्याला जाऊन विचारायचं, मग चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घ्यायचं. लीळाचरित्रात एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी जुळत नाही तिथे दोन्ही नोंदवून ठेवलेल्या सापडतात. म्हणजे हा माणूस साक्षीपुरावे घेत हिंडला आणि निकाल मात्र वाचकावर सोपवून गेला. आजच्या हिशेबानं अगदीच कच्चा लेखक. ‘ठाम भूमिका नाही’ असा शेरा मारून मोकळं व्हावं.

पुढं पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत बांधून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत काही शतकं बाहेरच्या माणसाला ते वाचताच येत नव्हते. मत द्यायला त्यामुळे कुणाचं अडलं का? अजिबात नाही. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण आपण त्याच काळात घडवली. मानभाव म्हणजे महानुभावच. ग्रंथ कुलपात, अभिप्राय घरोघर. आज एका बोटावर तारे देणाऱ्यांनी पूर्वजांची ही कामगिरी विसरू नये. त्यांनी तर अख्ख्या पंथाला कायमचा एक तारा दिला, तोही पान न उघडता.

याच पंथाच्या दृष्टान्तपाठात, केसोबासांच्या संकलनात, हत्तीचा दृष्टान्त आहे. आंधळे हत्ती चाचपतात. ज्याच्या हाती जे लागलं, तेवढाच त्याचा हत्ती. आपल्याला तो शाळेत शिकवला तेव्हा गुरुजींनी आंधळे चुकले असं सांगितलं. त्यांचं ऐकू नका. सहाशे पानांचा ग्रंथ मिळाला तर शेपटी धरा. मलपृष्ठावरचा मजकूर म्हणजे शेपटीच. ती घट्ट धरून ‘लेखकाचा दोरखंड कमकुवत आहे’ असं जाहीर करा. सोंडेवाला येऊन काही बोलला तर तो विकला गेलेला आहे.

गोव्याची ओवी मात्र पाठ हवी. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ या ओवीशिवाय २७ फेब्रुवारी साजरा होत नाही. ती फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणातली. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली राशोलला त्याचं पुराण छापून निघालं, तेही रोमी लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा आहे. आपल्याला त्यांतल्या भाषेच्या स्तुतीच्या दोन-तीन ओव्या पुरतात. त्या कार्यक्रमात म्हणाव्यात, टाळ्या घ्याव्यात, आणि उरलेल्या ओव्यांत काय आहे असं कुणी विचारलं तर चहाकडे बोट दाखवावं. कारण उरलेल्यांत धर्मप्रचार आहे, आणि त्याच शतकाच्या आसपास गोव्यात देवळांचं काय झालं हा विषय त्याला लागूनच आहे. मग ज्यानं आपल्या भाषेला हिरा म्हटलं त्याच्याशी नेमकं कसं वागायचं, याचा खरोखरच विचार करावा लागतो. सोहळ्याच्या दिवशी ही भानगड कुणी सांगितलीय.

सर्वांत मजा विष्णुभट गोडशांची. हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडात. पुढच्याच वर्षी झाशीला वेढा पडला तेव्हा आत होते. राणीचा दिनक्रम त्यांनी सांगितला, गोऱ्या फौजेनं शहरात केलेली कत्तल आणि लूट सांगितली, आणि मिळवलेली दक्षिणा लुटारूंनी कशी काढून घेतली तेही सांगितलं. शेवटी पैसा गेला तो गेलाच, पण गंगेची कावड खांद्यावर घेऊन हा माणूस चालत वरसईला आला.

या ‘माझा प्रवास’वर तुमचं मत काय असावं? ‘लेखकाचं सगळं लक्ष दक्षिणा आणि जेवणावळींवर आहे. स्वातंत्र्यसमराची जाण दिसत नाही.’ उत्तम. भिक्षुकानं दक्षिणेचा विचार करावा म्हणजे काय! तोफा चालू असताना या गृहस्थाला पाण्याची टंचाई आठवते, कुणी काय खाल्लं ते आठवतं, पण पुढं १९०९ साली तुमच्या लाडक्या ग्रंथकारानं त्या बंडाला काय नाव दिलं ते आधी सुचत नाही. असा साक्षीदार काय कामाचा? जे झालं ते सांगतो, जे व्हायला हवं होतं त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. माझं विचाराल तर मराठी गद्यात इतका प्रामाणिक घाबरलेला माणूस दुसरा नाही. पण असलं काही तुम्ही लिहू नका. प्रामाणिक भीतीला तारे मिळत नाहीत, पराक्रमाला मिळतात, आणि तो आपल्या जातीचा असेल तर पाचही.

जातीवरून आठवलं. लेखकाचं आडनाव आधी बघा, हे सांगायचं राहिलंच. ते सांगावं लागत नाही म्हणून राहिलं. आडनाव आपलं असेल तर पुस्तक ‘अभ्यासपूर्ण’, पलीकडचं असेल तर ‘विकृतीकरण’. आडनावावरून काही कळत नसेल, म्हणजे नुसतं नाव किंवा गावावरून पडलेलं काहीतरी असेल, तर गटावर विचारावं: ‘हे नेमके कुठले?’ उत्तर येईपर्यंत ‘संग्रही असावे असे पुस्तक’ एवढं लिहून जागा धरून ठेवावी. संग्रही असणारं पुस्तक वाचलं पाहिजे अशी कुणाची अपेक्षा नसते. मोबाइलमध्ये चारशे पीडीएफ बाळगणाऱ्या माणसाला आपल्याकडे अभ्यासकच म्हणतात.

एवढं करूनही कधीतरी तो माणूस भेटतोच. चष्मा कपाळावर, पिशवीत पेन्सिलीच्या खुणा केलेली जुनी प्रत, आणि तोंडात पृष्ठ क्रमांक. ‘तुम्ही म्हणता तसं गोडशांनी कुठेच लिहिलेलं नाही,’ असं तो शांतपणे म्हणतो. घाबरू नका. शांतपणेच विचारा: ‘कुठली आवृत्ती वाचलीत?’ हा प्रश्न बिनतोड आहे, कारण तो खरा आहे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापली त्या आवृत्तीत गोडशांची भाषा बदललेली होती, आणि मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. समोरच्यानं वैद्यांची म्हटली तर ‘तिथेच गफलत आहे’ म्हणावं. पोतदारांची म्हटली तर ‘मग तुम्ही वैद्यांची बघायला हवी होती’ म्हणावं.

त्यानं दोन्ही वाचलेल्या असतील, आणि असले लोक दोन्ही वाचतात, तर पुस्तक हातात घ्या, दोन-चार पानं फुलवा, डोळे बारीक करा आणि म्हणा की टाइप जरा लहान आहे, बांधणीही सैल वाटते, आणि या किमतीत निदान रंगीत नकाशा तरी द्यायला हवा होता.